लोकरीच्या हत्तीचा हिशेब

"एवढ्याशा हत्तीला तीनशे रुपये? अहो वहिनी, उरुसात शंभराला याच्या दुप्पट अस्वल मिळतं!"

बचतगटांच्या प्रदर्शनात लोकरीच्या खेळण्यांच्या टेबलापाशी पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर येणारच. बोलणारी काही वाईट नसते. तिच्याही घरात महिन्याचा हिशेब असतो, पोराने हट्ट धरलेला असतो. टेबलामागची मात्र कसनुसं हसते आणि अडीचशे म्हणते. मग सव्वादोनशे. शेवटी दोनशेला हत्ती पिशवीत जातो आणि ती शेजारणीला सांगते, "जाऊ दे गं, रिकाम्या वेळात तर केलाय. आले ते आपलेच."

मैत्रिणींनो, आज या 'रिकाम्या वेळा'बद्दलच बोलायचं आहे. कारण खेळण्यांच्या बाबतीत गेल्या पाच-सहा वर्षांत दिल्लीत बरेच निर्णय झाले. आयात कर वाढला, तपासणीचा कायदा आला, जीएसटी बदलला, कारागिरांसाठी योजना आली. या सगळ्यात आपल्या इस्लामपुरात, आष्ट्यात, कासेगावात दुपारची भांडी आटपून क्रोशाची सुई हातात घेणारी बाई कुठे बसते, हे कुणी सांगत नाही.

क्रोशा आपल्याला नवा नाही. दारावरची तोरणं, ताटावरचे रुमाल, टीव्हीवर टाकायचे जाळीदार कापड, बाळंतविड्यातली कुंची आणि मोजे, हे आपल्या आयांनी आणि मावश्यांनी ढिगाने केलं. ते विकायचं असतं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. भाचीच्या बाळंतपणाला द्यायचं, कौतुक घ्यायचं. हल्ली टीव्ही भिंतीला चिकटला, त्यामुळे रुमाल गेला. त्याच्या जागी आले हत्ती, ससे, कासवं, आठ पायांचे ऑक्टोपस आणि गणपतीच्या दिवसांत उंदीरमामा. शिकायला यूट्यूब आहेच. लॉकडाऊनच्या काळात जगभर ज्या गोष्टींना ऊत आला त्यातली ही एक. या खेळण्यांना जपानी भाषेत 'अमिगुरुमी' म्हणतात. 'अमी' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे भरलेली बाहुली. नाव जपानी असलं तरी टाका आपलाच मुका खांब. सहा टाक्यांचं वर्तुळ, मग बारा, मग अठरा, मग चोवीस, असं गोल गोल वाढवत न्यायचं आणि तसंच कमी करत आणायचं. मधे भरायचं. ज्या बाईने एकदा बाळाचं टोपडं विणलंय, तिला हत्तीचं डोकं यायला दोन दिवस पुरतात.

आता हिशेब. दुकानागणिक भाव वेगळा असतो, म्हणून समजायला सोपे आकडे धरते. साधी ॲक्रिलिक लोकर शंभर ग्रॅमला शंभर रुपये धरू. वीतभर हत्तीला साठ ग्रॅम लागली, म्हणजे साठ रुपये. आत भरायला फायबरचा कापूस दहा रुपयांचा. डोळ्यांचा दोरा, कानाला वेगळा रंग, पिशवी, सगळं मिळून पाच. झाले पंचाहत्तर. सरावाचा हात असेल तर वेळ सहा तास. शिवाय सोंड आणि पाय जोडायचं काम वेगळं, पण तेही या सहातच बसवते.

हत्ती दोनशेला गेला तर हातात उरले १२५. सहाने भागा. तासाला एकवीस रुपयेसुद्धा नाहीत. अडीचशेला गेला तर तासाला एकोणतीस. याला काही तोलायला हवं म्हणून सांगते, २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला एकोणचाळीस. म्हणजे रोहयोवर माती उचलणाऱ्या बाईइतकी मजुरी मिळवायची तर हत्ती ३१० रुपयांच्या खाली देता येत नाही. नफा नव्हे, नुसती मजुरी! आणि हा विकला गेलेला हत्ती. महिनाभर टेबलावर धूळ खाणारा हत्ती या हिशेबात धरलेलाच नाही.

मग शंभराचं अस्वल कसं परवडतं? कारण ते कापडाचं आहे. एकावर एक थर लावून यंत्राने कापायचं, शिवायचं, हवेच्या दाबाने कापूस भरायचा. एका अस्वलामागे माणसाच्या हाताची मिनिटं मोजकी. क्रोशाचं तसं नाही. विणकाम म्हणजे दोन सुयांचं, ते यंत्रावर होतं. लुधियानाचे स्वेटर यंत्रावरच निघतात. पण क्रोशाचा टाका घालणारं यंत्र अजून कारखान्यात आलेलं नाही. त्यामुळे जगात कुठेही क्रोशाची वस्तू दिसली की तिच्यामागे कुणाचा तरी हात असतो, बहुतेक वेळा बाईचा. मोठ्या मॉलमध्ये दीडशे रुपयांना क्रोशाचा ससा दिसला तर स्वस्त मिळाला म्हणून खूश होण्याआधी मनात एक भागाकार करून बघा. दीडशेतून दुकानाचा वाटा, वाहतूक, लोकर वजा करा आणि उरलेले रुपये पाच-सहा तासांवर पसरा.

हत्तीची स्पर्धा अस्वलाशी लावली की आपण हरणारच. गिऱ्हाइकाने ती लावली तर समजू शकते. टेबलामागची बाईच जेव्हा ती लावते तेव्हा मला राग येतो.

आता दिल्लीकडे. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांची तपासणी केली, तेव्हा त्यातली जवळजवळ ६७ टक्के खेळणी चाचणीत नापास झाली. म्हणजे रंगात घातक रसायनं किंवा मुलाच्या घशात जाईल असा सुटा भाग, असं काहीबाही. त्यानंतर २०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० वर गेला, २०२३ मध्ये तो ७० झाला. त्याच फेब्रुवारीत खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायचं कुठलंही खेळणं भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, परवान्याशिवाय आणि आयएसआय खुणेशिवाय बनवायचं नाही, विकायचं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी खेळण्यांचा विषय घेतला. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१८-१९ मध्ये ३७ कोटी १० लाख डॉलरची खेळणी आयात होत होती, २०२१-२२ मध्ये ती ११ कोटींवर आली. हे सगळं चांगलंच झालं. चिनी प्लास्टिक पोरांच्या तोंडात जाण्यापेक्षा हे कधीही बरं.

पण कायद्याला मोठा कारखाना आणि स्वयंपाकघरातला कट्टा यात फरक कळत नाही. आदेश जसाच्या तसा वाचला तर लोकरीचा हत्ती हेही खेळणंच. त्यालाही परवाना हवा. बीआयएस कायदा २०१६ चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड अशी शिक्षा लिहिलेली आहे. २०२३ च्या जानेवारीत बीआयएसने महिनाभरात १८,६०० खेळणी जप्त केल्याचं सांगितलं होतं. ती मोठमोठ्या दुकानांतली होती. प्रदर्शनातल्या टेबलावरून कुणी हत्ती उचलून नेला असं माझ्या ऐकिवात नाही, आणि घाबरवायला मी हे लिहीत नाही. पण कायद्यात सूट आहे आणि ती आपल्यातल्या फार थोड्याजणींना ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

डिसेंबर २०२० मध्ये या आदेशात दुरुस्ती झाली. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयात हस्तशिल्प विकास आयुक्त आहेत. त्यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून वगळलं. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांनाही तशीच सूट आहे, पण ती आपल्या कामाची नाही. आपल्या कामाचं आहे ते कारागीर ओळखपत्र. त्याला 'पहचान' कार्ड म्हणतात. आधारशी जोडलेलं असतं, हस्तशिल्प आयुक्तांच्या कार्यालयामार्फत निघतं आणि त्यांच्या कलांच्या यादीत बाहुल्या-खेळणी आहेत. आपलं काम प्रत्यक्ष करून दाखवायची तयारी ठेवावी. (पत्त्याचं एक. २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने विधिमंडळात आपल्या गावाचं नाव ईश्वरपूर करत असल्याचं जाहीर केलं. बोलण्यात जुनं नाव जायला वेळ लागेल, पण अर्जात आधारवर जो पत्ता आहे अक्षरशः तोच घाला, नाहीतर नावाच्या घोळात अर्ज अडकून पडायचा.)

दुरुस्तीतले शब्द मात्र नीट वाचायला हवेत. सूट आहे ती नोंदणीकृत कारागिराने बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तूला. दहाजणींकडून हत्ती गोळा करून पुण्याच्या दुकानाला पाठवणाऱ्या मधल्या माणसाला ही सूट आपोआप मिळते असं मला तरी त्यात दिसत नाही. म्हणजे एकाच गटात अध्यक्षबाईंचं कार्ड आहे आणि बाकी नऊजणींचं नाही, असं चालायचं नाही. प्रत्येकीचं हवं. इथेच आपल्याकडे गाडी अडते. कारण कार्ड काढायला जायचं म्हणजे आपण कारागीर आहोत हे आधी स्वतःला पटायला हवं, आणि घरात सांगायला हवं. "कारागीर? तू?" असं हसत विचारणारे आपल्याच घरात असतात.

पीएम विश्वकर्मा योजनेचं तसंच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा व्यवसायांत 'बाहुली व खेळणी बनवणारा (पारंपरिक)' असाही एक आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत आणि आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख, असं पाच टक्क्यांनी कर्ज. ऐकायला सुरेख. पण दोन गाठी आहेत. पहिली त्या कंसातल्या 'पारंपरिक' शब्दाची. लोकरीचा हत्ती पारंपरिक की नाही? सावंतवाडीचं लाकडी खेळणं नक्कीच पारंपरिक. आजीचा क्रोशा पारंपरिक, हत्ती नवा. अर्ज तपासणारा याचा काय अर्थ लावेल त्यावर सगळं. दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. लाभ एका कुटुंबात एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं. मालक शिंपीकाम करत असतील, गवंडी असतील, तर अर्ज कुणाच्या नावाने जाणार? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे. नियम लिहिणाऱ्याने एका घराला एकच कारागीर असतो असं धरलं आणि तो कोण हे घरावर सोडून दिलं. घरात हा प्रश्न कसा सुटतो हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

जीएसटीचीही गंमत बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नसलेल्या, खेळण्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम धाग्यावरचाही १२ वरून ५. आपल्याला काय मिळालं? करासकट शंभराचा लोकरीचा गुंडा जेमतेम चौऱ्याण्णवला यायला हवा. हत्तीमागे चार रुपयांच्या आसपास. तेही दुकानदाराने भाव उतरवला तर, म्हणून बिल मागत जा. पण खेळण्यांवरच्या कपातीचा आपल्याला काहीच उपयोग नाही, कारण वर्षाला चाळीस लाखांच्या आत माल विकणाऱ्याला नोंदणीच नाही, आपण कर लावतच नव्हतो. कारखान्याचं अस्वल मात्र त्या कपातीने सहा-सात टक्के स्वस्त झालं. म्हणजे आपल्याला चार रुपये मिळाले आणि समोरच्याला तेवढीच, किंवा थोडी जास्तच, सवलत त्याच्या प्रत्येक अस्वलामागे. याचा दोष कुणाला द्यायचा नाही. पण खेळणी स्वस्त झाली म्हणून टाळ्या वाजल्या तेव्हा आपणही वाजवाव्यात असं त्यात काही नव्हतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला, देशाला खेळण्यांचं जागतिक केंद्र करायचं म्हणून. त्या केंद्रात क्रोशाची सुई कुठे ठेवायची, हा विचार कुणीतरी मांडायला हवा.

आणि इथे मला नरसापूरची गोष्ट सांगावीशी वाटते. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात एका स्कॉटिश मिशनरी जोडप्याने तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. हळूहळू सगळा पंचक्रोशीचा धंदाच झाला. लेस युरोपात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई तिथे गेल्या, राहिल्या, बायकांशी बोलल्या आणि १९८२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात जे आहे ते वाचून माझी झोप उडाली होती. लाखाहून जास्त बायका या कामात होत्या. घरचं सगळं करून दिवसाला सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या. पण जनगणनेत त्या कुठेच नव्हत्या, कारण त्या 'घरी बसलेल्या बायका' होत्या. त्यांचं काम म्हणजे फावल्या वेळातला उद्योग. काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं. एकीने नुसती फुलं करायची, दुसरीने ती जोडायची. त्यामुळे पूर्ण वस्तू केवढ्याला जाते हे कुणालाच कळत नव्हतं. दोरा देणारा, माल नेणारा आणि परदेशी पाठवणारा मोठा झाला, बंगले झाले. आणि बाईला मिळत होते ते सरकारने ठरवलेल्या शेतमजुरीहूनही कितीतरी कमी पैसे. खुद्द तीही म्हणत होती, मी काही मजूर नाही, मी घरंदाज बाई आहे, शेतावर जात नाही.

हे शेवटचं वाक्य आपल्या भागात फार ओळखीचं आहे. ऊस आला, थोडा पैसा आला की पहिली गोष्ट होते ती म्हणजे घरची बाई रानात जायची थांबते. त्यात मान आहे. मग घरात बसून जे करता येईल ते करायचं, पण त्याला काम म्हणायचं नाही, कारण काम म्हटलं की मान जातो. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण मीसबाईंनी दाखवलेली गाठ मानांकनाने सुटत नाही. 'फावल्या वेळातलं' असं म्हटलं की भाव पाडायचा परवाना मिळतो, आणि तो परवाना आपणच लिहून देतो.

फावला वेळ खरंच असतो का? केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचा बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. हत्तीचे सहा तास या पाच तासांच्या वर येतात. झोपेतून, दुपारच्या पाठ टेकण्यातून, मालिकेच्या वेळेतून. मालिका बघताबघता विणलं म्हणून ते काम नाही असं असेल, तर रेडिओ ऐकत रिक्षा चालवणाऱ्याने भाडं घेऊ नये!

घरात बसून केलेल्या कामाला काम मानलं की काय होतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. सोलापूरच्या बिडी कामगार बायका बघा. त्याही घरीच बसून वळतात. पण १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं. हजारी दर आला, त्या दरासाठी संप आले, मोर्चे आले, कार्ड आलं. त्याच बायकांनी पुढे सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. बिडीचं काम काही चांगलं नाही, त्या तंबाखूने छाती जाते. मला म्हणायचंय ते एवढंच, की मोर्चा काढायला आधी आपण कोण हे माहीत असावं लागतं. अहमदाबादला इलाबेन भट्टांनी १९७२ मध्ये 'सेवा' सुरू केली तेव्हाही हीच अडचण होती. मालकच नाही तर कामगार संघटना कसली, असं त्यांना विचारलं गेलं. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला. भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरी काम करणारा कामगार' याची व्याख्या आहे. कुणासाठी तरी आपल्या घरात बसून वस्तू बनवणारा, अशी ती व्याख्या. स्वतः बनवून स्वतः विकणारी त्यात नीट बसत नाही. पण एखाद्या बाईंनी लोकर आणून दिली, महिन्याला पन्नास किचेन करून घेतले आणि नगावर पैसे दिले, तर ती बसते. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टल आहेच, असंघटित कामगारांसाठी. सोळा ते एकोणसाठ वयाच्या कुणालाही सीएससी केंद्रात जाऊन नोंद करता येते. नोंदीत व्यवसाय विचारतात. तिथे काय लिहायचं ते घरून ठरवून जा.

आता हे सगळं झालं, तरी हातात पैसे थोडे आणि लोकर महाग, हे राहतंच. म्हणून थोडं कामाचं. लाडक्या बहिणीच्या दीड हजारातून लोकर आणणाऱ्या मला ठाऊक आहेत, त्यांना एकदम दहा रंग घेऊ नका असंच सांगते. करडा, पांढरा, एक तांबूस, एवढ्यात हत्ती, ससा, उंदीर, अस्वल, चौघंही होतात. बाळंतविड्याचे उरलेले गुंडे कान, नाक, स्कार्फ यांना पुरतात. जुना स्वेटर उसवून त्याची लोकर वापरता येते. उसवलेली लोकर लड करून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता सावलीत वजन लावून टांगायची, म्हणजे तिच्या वळ्या जातात. मात्र धुऊन आटलेला, जाड झालेला मेंढीच्या लोकरीचा स्वेटर या भानगडीत घेऊ नका, तो नीट उसवत नाही. उसवलेल्या लोकरीचं खेळणं घरच्या पोराला द्यावं. विकायचं असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगावं.

भरायला घरच्या चिंध्या चालतात का, हे सगळ्या विचारतात. वाकळ शिवणाऱ्या हाताला चिंध्यांची सवय असते. घरच्या खेळण्याला चालतात, स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, अगदी बारीक कातरून. जाड तुकडे राहिले की हत्तीच्या पोटाला गाठी येतात. पण सुती चिंधी पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात असं खेळणं धुतलं तर आत वास धरतं. विकायच्या खेळण्यात फायबरच भरा. तिथे दहा रुपये वाचवायला जाऊ नका.

आणि डोळे. प्लास्टिकचे तयार डोळे, मणी, बटणं, हे तीन वर्षांखालच्या बाळाच्या खेळण्याला अजिबात नको. बाळ ओढतं, चावतं आणि ते घशात जातं. काळ्या दोऱ्याने भरलेले डोळे शिवाय फुकट पडतात. टाके इतके घट्ट हवेत की आतला कापूस बाहेर दिसता कामा नये, त्यासाठी लोकरीच्या कागदावर लिहिलेल्या नंबरापेक्षा एक नंबर बारीक सुई घ्या. सोंड, पाय, शेपूट जोडल्यावर हाताने जोरात ओढून बघा. आपल्याला बीआयएसमधून सूट मिळाली तरी बाळाच्या घशाला ती लागू होत नाही.

पैसे वाचतात ते आकाराने. वीतभर हत्तीला साठ ग्रॅम लोकर आणि सहा तास लागतात, पण तीन बोटांचा हत्ती पंधरा ग्रॅममध्ये आणि दीड तासात होतो. किचेनला लावला, शाळेच्या दप्तराला अडकवला, तर त्याला शंभर रुपये द्यायला कुणी कुरकुर करत नाही. लोकर, भरण आणि कडी मिळून पंचवीस धरले तरी तासाला पन्नास पडले. म्हणजे मोठ्यापेक्षा छोटा हत्ती जास्त मजुरी देतो! टेबलावर मोठे दोनच ठेवावेत, पुढे, लोकांनी थांबावं म्हणून. त्यांची किंमत ३१० च्या खाली आणू नये, नाही गेले तर नाही गेले. बाकी टेबल छोट्यांचं.

शेजारच्या गटातल्या बाईने हत्ती दोनशेला काढला तर काय करायचं, हा प्रश्न राहतो. तिला चहा पाजा आणि वर लिहिलेला भागाकार तिच्याकडूनच कागदावर करून घ्या. गावातल्या पाच-सहा गटांनी मिळून एक दरपत्रक केलं, लहान, मधला, मोठा, आणि त्याखाली कुणीच द्यायचं नाही असं ठरवलं, तर ते उरुसाच्या आधी करावं. उरूस सुरू झाल्यावर कोण कुणाचं ऐकतंय?